नवी प्रणाली आणि सवयीचा हात

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की माणसे का वैतागतात, हा विषय वसंतातल्या व्याख्यानासाठी थोडा रुक्ष वाटण्याचा संभव आहे. त्यात काव्य नाही, इतिहासातला पराक्रम नाही, की तत्त्वज्ञानातला एखादा सनातन वाद नाही. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ ह्या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' ह्या प्रणालीचा नेहमीचा विनामूल्य सांभाळ थांबविला आणि हा रुक्ष विषय पुष्कळांच्या दिवाणखान्यात येऊन बसला. पतपेढीतील कारकून, शाळेच्या कचेरीतील लेखनिक, वकिलाकडील टंकलेखक, निवृत्तीनंतर हौसेने संगणक शिकलेले गृहस्थ ह्या सर्वांच्या तोंडी एकच वाक्य ऐकू येऊ लागले: "काल इथे होते ते आज गेले कुठे?"

तरुण मंडळी ह्यावर हसतात. म्हाताऱ्यांना नवे काही नकोच असते, असे त्यांचे निदान असते. हे निदान आम्हांला मान्य नाही. ज्यांनी वयाच्या साठीनंतर माउस हातात धरला, त्यांना नव्याचे भय होते असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? वैतागाचे कारण दुसरीकडे आहे, आणि ते थोडे खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे.

प्रथम ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. संगणकात गणित करणारा भाग वेगळा, साठवण वेगळी, पडदा, कळफलक, छपाईयंत्र हेही सारे वेगवेगळे. आपण पत्र लिहितो तो कार्यक्रम ह्यांतील कोणाशीच थेट बोलत नाही. जुन्या वाड्यात धनी स्वत: कोठीत उतरून धान्य मोजीत नसे, तो कारभाऱ्याला सांगे, आणि किल्ल्या कारभाऱ्याच्या कमरेला असत. ऑपरेटिंग सिस्टिम ही असा कारभारी होय. कोणाला किती जागा द्यावयाची, कोणाला आत येऊ द्यावयाचे, कोणते कागद कोणत्या कपाटात ठेवावयाचे, हे सर्व तिच्याकडे. चांगला कारभारी असला म्हणजे धन्याला त्याचे अस्तित्व जाणवत नाही. जाणवते ते तो बदलल्यावर.

आता वैतागाकडे वळू. आपल्या परगावच्या मुलाला दूरध्वनीवर एखाद्या गृहस्थाने विचारावे, "छपाई कुठून करतोस रे?" आणि मुलाने थोडा वेळ गप्प राहून म्हणावे, "थांबा बाबा, मी करून बघतो आणि मग सांगतो." हा संवाद पुष्कळांच्या परिचयाचा असेल. मुलगा दहा वर्षे छपाई करीत आला आहे. पण कुठून करतो हे त्याला सांगता येत नाही. त्याच्या हाताला माहीत आहे, जिभेला माहीत नाही.

ही दोन ज्ञाने खरोखरच निरनिराळी आहेत, ह्याचा पुरावा वैद्यकशास्त्राने दिलेला आहे. अमेरिकेतील हेन्री मोलेसन नावाच्या गृहस्थांवर १९५३ मध्ये अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि तीनंतर त्यांची नवीन काही लक्षात ठेवण्याची शक्ती जवळजवळ नष्ट झाली. भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला तर तो त्यांना नवा वाटे. माँट्रिअल येथील संशोधिका ब्रेंडा मिल्नर ह्यांनी त्यांना एक काम दिले. आरशात पाहून कागदावरील चांदणीच्या दुहेरी रेषेमधून पेन्सिल फिरवावयाची. हे काम धडधाकट माणसालाही प्रथम साधत नाही. हात नेमका उलट दिशेला जातो. मोलेसन ह्यांच्या चुका मात्र दिवसेंदिवस कमी होत गेल्या. आणि प्रत्येक दिवशी त्यांचे म्हणणे असे की, हे काम आपण पूर्वी कधी केलेले नाही! मिल्नरबाईंनी हे १९६२ मध्ये मांडले. हाताची स्मृती आणि शब्दांची स्मृती ह्यांची घरे वेगळी आहेत, हे त्यावरून उघड झाले.

संगणकावरील आपले बहुतेक रोजचे व्यवहार ह्या हाताच्या स्मृतीत गेलेले असतात. डाव्या खालच्या कोपऱ्यात जाणे, उजव्या वरच्या फुलीवर टिचकी मारून खिडकी बंद करणे, ह्यांचा आपण विचार करीत नाही. नवी प्रणाली आली की ही मुरलेली कामगिरी एकाएकी जाणिवेच्या पातळीवर येते. लिहावयाचे पत्र बाजूला राहते आणि मन 'जतन कुठे करू' ह्यात गुंतते. ज्याला पूर्वीचे काहीच येत नाही त्याला इतका त्रास होत नाही, कारण त्याचा हात कोरा असतो. ज्याला जितके अधिक येत होते, त्याचा हात तितक्या वेळा जुन्या जागी जाऊन आपटतो. कचेरीतील सर्वांत तरबेज लेखनिकच प्रणाली बदलल्यावर सर्वांत अधिक चिडलेला का दिसतो, ह्याचा उलगडा असा होतो. त्याचे वय त्याला कारण नाही. त्याचे कौशल्य कारण आहे.

ह्या आपटण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे 'स्टार्ट' ह्या बटणाचे. 'विंडोज ९५' ही प्रणाली २४ ऑगस्ट १९९५ रोजी विक्रीस आली, तेव्हा हे बटण प्रथम अवतरले. त्यापूर्वीच्या प्रणालीत पडद्यावर चित्रांचे गठ्ठे असत आणि नवशिका माणूस आता सुरुवात कुठून करावयाची अशा मुद्रेने त्यांच्याकडे पाहत बसे. म्हणून बटणावर सरळ 'सुरू करा' अशा अर्थाचा शब्दच लिहिला. सतरा वर्षे जगभरच्या लोकांचा हात त्या कोपऱ्याला सरावला. आणि मग २६ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेल्या 'विंडोज ८' मध्ये ते बटण कोपऱ्यातून नाहीसे झाले.

कंपनीपुढे कारण होते. २०१० मध्ये ॲपलचा आयपॅड आला होता. माणसे बोटाने पडदा सरकवू लागली होती. पाटीवजा यंत्राला आणि मेजावरच्या संगणकाला एकच चेहरा असावा, असा विचार करून संपूर्ण पडदाभर रंगीत फरश्या मांडल्या गेल्या. बोटाला ते सोयीचे होते, माउसला नव्हते. संगणक बंद करावयाचा तर माउसचा बाण पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात न्यावयाचा, मग एक लपलेली पट्टी बाहेर येणार, तीत 'सेटिंग्ज' शोधावयाचे, त्यात 'पॉवर', आणि त्यात बंद करण्याची आज्ञा. हे ठाऊक नसलेल्या पुष्कळांनी सरळ यंत्रावरचे बटण दाबून संगणक बंद करण्याचा मार्ग पत्करला, आणि त्यांना कोण दोष देईल? पुढच्याच वर्षी, १७ ऑक्टोबर २०१३ रोजी आलेल्या सुधारित आवृत्तीत बटण परत आले. पण ते दाबले की पुन्हा त्या फरश्याच येत. खरी जुनी यादी परतली ती २९ जुलै २०१५ च्या 'विंडोज १०' मध्ये. आकडा नऊ मध्येच गाळला गेला, त्याची कारणमीमांसा आम्ही ऐकलेल्यांपैकी एकही पटण्यासारखी नाही.

ह्या हकिगतीचा अर्थ जनता नेहमी बरोबर असते असा मात्र कोणी घेऊ नये. २००१ साली 'विंडोज एक्सपी' आली तेव्हा तिच्या निळ्या-हिरव्या रंगांना पोरकट म्हणणारे पुष्कळ होते. तेच लोक २०१४ च्या एप्रिलमध्ये तिचा सांभाळ थांबला तेव्हा घरचे माणूस गेल्यासारखे हळहळले. म्हणजे सवयीच्या तक्रारीत आणि खऱ्या तक्रारीत भेद केला पाहिजे. आमची कसोटी साधी आहे. नव्या प्रणालीवर तीन आठवडे नेटाने काम करावे. त्यानंतरही एखाद्या कामाला पूर्वी एक टिचकी लागे तिथे आता दोन लागत असतील, तर तक्रार खरी. तीन आठवड्यांत ती विरून गेली तर ती हाताची होती. ह्या कसोटीवर 'विंडोज ११' मधील मधोमध आलेले स्टार्ट बटण ही हाताची तक्रार ठरते. उलट, उजवी टिचकी मारल्यावर उघडणारी यादी आखूड करून नेहमीच्या आज्ञा आणखी एका पायरीमागे लपविल्या, ही खरी. २०२१ मध्ये ही प्रणाली आली तेव्हा उघड्या खिडक्यांची नावे खालच्या पट्टीवर सुटी सुटी दिसण्याची सोय काढून टाकली होती. लोकांनी ओरड केली, आणि २०२३ मध्ये ती सोय परत द्यावी लागली. तेव्हा ओरडही निष्फळ नसते.

मग जुनेच चालू ठेवावे असे कोणी म्हणेल. इथे मात्र आम्ही कारभारी बदलणाऱ्यांच्या बाजूचे आहोत. प्रणालीत लक्षावधी ओळींचे लिखाण असते आणि त्यात फटी राहतात. चोराला फट सापडली की कंपनी ती बुजविणारी दुरुस्ती पाठविते. सांभाळ थांबला म्हणजे पुढची फट उघडीच राहणार. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर कार्यक्रमाने दीडशेच्या आसपास देशांतील संगणक जखडून टाकले. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या फटीतून तो शिरला ती बुजविण्याची दुरुस्ती मार्चमध्येच निघालेली होती. ती ज्यांनी बसविली नव्हती ते सापडले. पतपेढीचे खाते किंवा पेन्शनीचा व्यवहार ज्या यंत्रावरून होतो, ते असे उघडे ठेवणे शहाणपणाचे नाही.

आमचा आक्षेप निराळा आहे. फटी बुजविणे हे आतले काम. चेहरा बदलणे हे बाहेरचे. कंपन्या दोन्ही एका गाठोड्यात बांधून देतात. सुरक्षितता हवी असेल तर नवा चेहरा घ्या, आणि नव्या चेहऱ्याला हवे तसे यंत्रही घ्या! 'विंडोज ११' ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चकती लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रक्रियक लागतो. म्हणजे साधारणत: २०१७ पूर्वीचे यंत्र कितीही धडधाकट असो, ते नियमाप्रमाणे बाद. ज्या कुटुंबाने मुलीच्या शिक्षणासाठी हप्त्यांनी संगणक घेतला, त्यांना तो चालता असून जुना झाला हे समजावून सांगणे कठीण जाते.

मोठे बदल माणसांना सोसेल अशा रीतीने करता येतात, ह्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. सोळा आण्यांचा आणि चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. चवलीपावलीचा हिशेब बोटांवर असलेल्या समाजाला हा केवढा धक्का होता, ह्याची आज कल्पना येणार नाही. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत, आणि हा सव्वा नेमका कोणाच्या पदरात पडणार ह्यावर दुकानोदुकानी वाद होत. परंतु जुनी नाणी एका रात्रीत बाद झाली नाहीत. दोन्ही काही वर्षे शेजारी शेजारी चालली. रूपांतराची कोष्टके छापून भिंतीवर लागली. नव्या पैशाला मुद्दाम 'नया' म्हटले, म्हणजे घोटाळा नको. आणि गरज संपल्यावर १ जून १९६४ पासून तो शब्द गाळला. पंचवीस पैशांचे नाणे स्वत: ३० जून २०११ रोजी चलनातून गेले, तरी 'चार आणे' बोलण्यातून गेलेले नाहीत. दोन्ही नाणी काही काळ चालू ठेवणे, कोष्टक हाती देणे, आणि तारीख पुष्कळ आधी सांगणे, एवढे केले तर हात आपोआप वळतो. प्रणाली बनविणाऱ्यांनी तारीख सांगितली. कोष्टक मात्र दिले नाही.

आता खास मराठी माणसाच्या अडचणीकडे येऊ. ती इंग्रजीत काम करणाऱ्याच्या ध्यानातही येणार नाही.

संगणकावर मराठी छापणे आपल्याकडे युनिकोड रुळण्याच्या पुष्कळ आधी सुरू झाले. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने आणि इतरांनी त्यासाठी फार मोठे काम केले. 'श्रीलिपी', 'आकृती', 'कृतिदेव', सी-डॅकचे 'योगेश' आणि 'सुरेख', हे टंक छापखान्यांत घरचे झाले. पण त्यांतील पुष्कळांची युक्ती अशी होती की, यंत्राच्या दृष्टीने मजकूर रोमनच राही. फक्त त्या रोमन अक्षराला देवनागरी रूप चढविलेले असे. 'कृतिदेव' टंकात 'कमल' असे दिसते तेव्हा यंत्राने डी, ई आणि वाय ही तीन अक्षरे साठविलेली असतात. टंक जवळ आहे तोवर कमल. टंक नाही त्या यंत्रावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग. त्यात प्रत्येक टंकाची वाटणी वेगळी. तेव्हा नवे यंत्र, नवी प्रणाली आली, जुना टंक बसविलेला नाही किंवा त्याच्या परवान्याची जोडणी नव्या प्रणालीवर चालत नाही, की वीस वर्षांचे दिवाळी अंक, संस्थेची इतिवृत्ते, एखाद्याने वडिलांच्या हस्तलिखितावरून उतरविलेला ग्रंथ, हे सर्व डोळ्यांदेखत मुके होतात. मजकूर नष्ट झालेला नसतो. तो वाचणारी किल्ली हरवलेली असते.

युनिकोडने ही अडचण मुळातून सोडविली. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. 'विंडोज २०००' पासून देवनागरीची सोय प्रणालीतच आली. 'क' चा संकेत जगात सर्वत्र एकच झाला. पण टंकलेखकाच्या हाताला त्याने नवी परीक्षा दिली. टंकलेखन-यंत्रावर 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि 'क' नंतर, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये 'क' आधी आणि वेलांटी नंतर, कारण उच्चार तसा आहे. 'कर्म' मधला रफार यंत्रावर 'म' नंतर ठोकावयाचा. युनिकोडमध्ये र आणि हलन्त चिन्ह 'म' च्या आधी. व्याकरणाच्या दृष्टीने नवी रीत शुद्ध आहे यात शंका नाही. पण तीस वर्षे डोळ्याच्या क्रमाने चाललेल्या बोटांना कानाच्या क्रमाने चाला असे सांगणे म्हणजे त्या आरशातल्या चांदणीसारखेच होय. जुना मजकूर युनिकोडमध्ये उतरविणारे कार्यक्रम मिळतात, आणि त्यांच्या चुका नेमक्या रफाराशी आणि ऱ्हस्व वेलांटीशी होतात. त्या दोन ठिकाणी मुद्रितशोधकाने विशेष डोळा ठेवावा.

दुसरी अडचण छोट्या दुकानदारांची आणि संस्थांची. डॉसच्या काळात कोणी तरी होतकरू तरुणाने 'फॉक्सप्रो'त हिशेबाचा कार्यक्रम लिहून दिला. तो पंचवीस वर्षे बिनबोभाट चालला. असे सोळा-बिटी कार्यक्रम 'विंडोज १०' च्या बत्तीस-बिटी आवृत्तीपर्यंत चालवून घेता येत. 'विंडोज ११' फक्त चौसष्ट-बिटी आहे आणि ती त्यांना दारातही उभे करीत नाही. 'डॉसबॉक्स' नावाचा विनामूल्य कार्यक्रम जुन्या यंत्राचे सोंग घेऊन ते पुष्कळ वेळा चालवितो, पण छपाईपाशी गाडी अडते. निदान जुनी खाती कागदावर किंवा साध्या कोष्टकात उतरवून घेतल्याखेरीज जुने यंत्र भंगारवाल्याला देऊ नये.

ज्यांचे यंत्र बाद ठरले त्यांना आणखी एक वाट आहे, ती लिनक्सची. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहिला. ती विनामूल्य आहे आणि जुन्या यंत्रावर हलकेपणाने चालते. केरळने आपल्या शाळांतील संगणक-शिक्षण अशा मुक्त प्रणालीवर आणले आणि तिथल्या मुलांना ती परकी वाटत नाही, कारण त्यांचा हात पहिल्यापासून तिच्यावरच पडला. उलट जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ मध्ये निर्णय घेऊन सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जाण्याचे ठरविले. त्याच्या कारणांबद्दल तिथे आजही वाद आहे. पण बाहेरून येणारे कागद जुळत नाहीत आणि नेहमीचे कार्यक्रम मिळत नाहीत, ह्या तक्रारी त्यात होत्याच. ज्याचे काम पत्रे लिहिणे, बँक पाहणे, नातवंडांशी बोलणे एवढेच आहे त्याला लिनक्स पुरेल. ज्याला एखादा विशिष्ट हिशेबी कार्यक्रम किंवा छापखान्याचा टंक हवा, त्याने आधी चालवून पाहावे; लहान साठवण-कांडीवरून ती यंत्रात न बसविताही चालविता येते.

बदल करावयाचाच तर तो मार्चअखेरीस करू नये. कामाची गर्दी असताना हात चुकला म्हणजे दोष नव्या प्रणालीवर जातो आणि शिकणे राहते. आधी सर्व कागदांची प्रत वेगळ्या साठवणीत घ्यावी. एका वहीत आपण रोज करतो अशी दहा कामे आणि ती नव्या जागी कशी होतात हे स्वहस्ते लिहावे. कंपनीने न दिलेले कोष्टक ते हेच. घरातल्या तरुणांना आमची विनंती आहे की, आजोबांना शिकविताना माउस आपल्या हाती घेऊ नये. "हे बघा, असं" म्हणून चार टिचक्या झपाट्याने मारल्या, तर काम होते, पण आजोबांच्या हाताला काहीच कळत नाही. माउस त्यांच्या हाती राहू द्यावा आणि आपण नुसते बोलावे, मग त्याला कितीही वेळ लागो.

स्टार्टचे बटण डावीकडे हवे असेल तर 'सेटिंग्ज'मधील 'पर्सनलायझेशन', त्यात 'टास्कबार', आणि तिथल्या मांडणीत 'लेफ्ट' निवडावे. उजव्या टिचकीची जुनी लांब यादी हवी असेल तर टिचकी मारताना 'शिफ्ट'ची कळ दाबून धरावी. मराठी कळफलक 'टाइम अँड लँग्वेज' खाली मिळतो. इंग्रजी-मराठीची अदलाबदल विंडोजची कळ आणि अंतराची लांब कळ एकत्र दाबून होते. तिथे ध्वनीनुसार लिहिण्याचा कळफलकही आहे. परंतु ज्याला पुष्कळ लिहावयाचे आहे त्याने इन्स्क्रिप्ट शिकावा, असे आमचे मत आहे. त्यात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजने येतात. 'क' च्याच कळीवर शिफ्टने 'ख', 'ग' वर 'घ', 'त' वर 'थ'. आपली वर्णमाला ज्याला पाठ आहे त्याला ती मांडणी आठवडाभरात सापडते, आणि प्रणाली कोणाचीही असो, विंडोज, लिनक्स वा ॲपलचा संगणक, ती तिथे त्याच जागी असते.